शिक्षकाची रोजकीर्द



शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत 'कृतिसंशोधन' हा शब्द आता चांगलाच रूढ झाला आहे. अध्यापनाची पदविका अथवा पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून तो जातो, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, आणि पुष्कळदा त्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाले की त्या शब्दाशी असलेला संबंधही संपतो. शब्द तसा चमत्कारिकच आहे. कृती आणि संशोधन ही दोन निरनिराळ्या घरची माणसे, अशी आपली समजूत असते. संशोधकाने ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत बसावे. कृती करणाऱ्याने शेतात, कारखान्यात अथवा वर्गात राबावे. पहिल्याने शोधून काढावे आणि दुसऱ्याने ते निमूटपणे अंमलात आणावे, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. कृतिसंशोधन ही वाटणीच अमान्य करते. जो करतो त्यानेच शोधावे, आणि जे शोधले ते पुन्हा करून पाहावे, एवढे त्याचे सार आहे.

आज या विषयाकडे मी एका विशिष्ट बाजूने वळणार आहे. उद्योजकता ही वर्गात शिकविता येते का, आणि येत असेल तर ती शिकविणाऱ्याने आपले शिकविणे सुधारावे कसे, हा तो प्रश्न. देशातील शाळा-महाविद्यालयांतून आणि प्रशिक्षणकेंद्रांतून लक्षावधी तरुणांना 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' असे आपण आज सांगत आहो. हे सांगणे सोपे आहे. त्या तरुणाच्या हातात घरची थोडीशी पुंजी असते, आणि ती बुडाली तर पुन्हा उभे राहण्याचे बळ त्याच्या घरात असेलच असे नाही. म्हणून आपण त्याला जे शिकवितो ते खरोखर उपयोगी पडते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी शिकविणाऱ्यावर येते. इतिहासाच्या तासात एखादी सनावळी चुकली तर गुण जातात. येथे भांडवल जाते.

कृतिसंशोधनाचा उगम सांगताना कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाचे नाव घ्यावेच लागते. लेविन जन्माने प्रशियातला. 1933 मध्ये हिटलरची राजवट आली तेव्हा तो जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. 1946 साली त्याने अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात ही संज्ञा वापरली. केवळ ग्रंथ निर्माण करणारे संशोधन समाजाला पुरेसे पडणार नाही. योजना आखावी, एक पाऊल टाकावे, त्याचा परिणाम मोजावा, आणि त्या मोजणीच्या उजेडात पुढचे पाऊल ठरवावे, असा त्याचा आग्रह होता. या आग्रहामागे त्याचा स्वतःचा अनुभव उभा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा भासू लागला. जनावराचे काळीज, गुर्दे यांसारखे भाग पौष्टिक असूनही तिकडच्या गृहिणी ते घरी शिजवीत नसत. त्यांचे मन कसे वळवावे हे पाहण्यासाठी लेविनने स्त्रियांचे काही गट घेतले. निम्म्या गटांना उत्तम व्याख्यान ऐकविले. उरलेल्या गटांना तीच माहिती देऊन आपसांत चर्चा करण्यास आणि शेवटी काय करणार ते ठरविण्यास सांगितले. नंतर घरोघर चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा 3 स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ करून पाहिला होता. चर्चा करून निर्णय घेणाऱ्यांपैकी शेकडा 32 स्त्रियांनी.

भाषण करण्यासाठी बसलेल्या माणसाने हे आकडे सांगणे तसे धोक्याचेच आहे. परंतु या बाबतीत नभोवाणीची परंपरा आपल्याला दिलासा देणारी आहे, आणि ती मराठी मुलखातच घडलेली आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. महाराष्ट्रातील 5 जिल्ह्यांतून सुमारे 150 गावे निवडली गेली. दहा आठवड्यांत 20 कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावी काही शेतकरी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत, आणि गावात काय करता येईल ते ठरवीत. त्यांचे प्रश्न आणि अभिप्राय केंद्राकडे परत येत व पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराट यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या गावांत मंडळे होती त्यांची तुलना ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि ज्या गावांत रेडिओही नव्हता, अशा गावांशी केली. मंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत जी भर पडली ती इतरांपेक्षा पुष्कळच अधिक होती. नुसता रेडिओ असणे आणि रेडिओ ऐकून त्यावर बोलणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या मोजणीने दाखवून दिले. प्रक्षेपण करणाऱ्याने आपल्याच कामाची अशी परीक्षा करवून घ्यावी, हे आजही अनुकरणीय वाटते.

शिक्षणाच्या क्षेत्रात ही कल्पना आणण्याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील स्टीफन कोरी यांना दिले जाते. शाळेतील व्यवहार सुधारण्यासाठी कृतिसंशोधन कसे करावे, यावरील त्यांचे पुस्तक 1953 मध्ये निघाले. पुढे इंग्लंडात लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात या विचाराला अधिक खोली दिली. अभ्यासक्रम हा वरून आलेला हुकूम नसून ते एक अनुमान आहे. ते खरे की खोटे हे शिक्षकाने आपल्या वर्गात तपासून पाहायचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑस्ट्रेलियातील स्टीफन केमिस आणि रॉबिन मॅकटॅगर्ट यांनी 1982 च्या सुमारास या प्रक्रियेचे चार टप्पे सुटसुटीतपणे मांडले: योजना, कृती, निरीक्षण आणि चिंतन. चौथा टप्पा संपला की पुन्हा पहिला. परंतु दुसऱ्या फेरीतील योजना ही पहिल्या फेरीपेक्षा शहाणी असली पाहिजे.

हे सारे परदेशातून आले, असे मात्र कोणी समजू नये. नाव नसतानाही हे काम आपल्याकडे झालेले आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. पुढे 1957 मध्ये त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर आपले केंद्र नेले. शाळा उघडली तरी आदिवासी मुले येत नाहीत, असे दिसून आले. 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्या दोघींनी कारण शोधले. मूल शाळेत येत नाही, कारण घरी त्याला धाकटे भावंड सांभाळायचे असते. थोडे मोठे झाले की गुरे राखायची असतात. मग शाळाच वस्तीच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरांमागे कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली आणि विकासवाडी झाली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. एका अडचणीचे प्रामाणिक निरीक्षण केले तर त्यातून किती दूरवर जाणारी वाट निघते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता उद्योजकतेच्या शिक्षणाकडे येऊ. उद्योग करणारा माणूस स्वतः काय करीत असतो याचा थोडा विचार केला, तर एक गोष्ट ध्यानात येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. 1910 मध्ये ज्या ठिकाणी कारखाना वसविला ते पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाले. या दोन्हींच्या मधल्या काळात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या दोन वर्षांत त्यांना कोणते पाठ्यपुस्तक उपयोगी पडले असेल? वस्तू करून पाहणे, गिऱ्हाइकाच्या हाती देणे, त्याचे म्हणणे ऐकणे, त्यात दुरुस्ती करणे आणि पुन्हा त्याच्या दारी जाणे, हाच उद्योजकाचा अभ्यास. योजना, कृती, निरीक्षण, चिंतन हे चार टप्पे त्याच्या दुकानात वर्षाचे बारा महिने चालू असतात. फक्त त्यांना तो धंदा म्हणतो. ज्या गोष्टीचे स्वरूपच चाचपडत शिकण्याचे आहे, ती गोष्ट शिकविणारा माणूस स्वतः चाचपडून शिकत नसेल, तर त्याचे शिकविणे पोहण्यावरील व्याख्यानासारखे कोरडे राहणार.

उद्योजकता ही जन्मजातच असावी लागते, हा समज आपल्याकडे फार जुना. त्याला पहिला शास्त्रीय धक्का आपल्याच देशात दिला गेला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1964 च्या सुमारास आंध्र प्रदेशातील काकिनाडा या शहरातील व्यापाऱ्यांना आणि छोट्या कारखानदारांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावून सुमारे दहा दिवसांचे प्रशिक्षण दिले. आपल्यापुढे आवाक्यातले पण कस पाहणारे ध्येय ठेवणे, परिणामांची स्वतःहून विचारपूस करणे, अशा सवयींवर त्याचा भर होता. नंतरच्या काळात प्रशिक्षित व्यक्तींनी इतरांपेक्षा अधिक वेळ धंद्यात घातला, अधिक भांडवल गुंतविले आणि अधिक माणसे कामावर घेतली, असे त्यांना आढळले. परंपरागत श्रद्धा या कामी आड आल्याचे मात्र दिसले नाही. 1970 पासून गुजरातने असे अभ्यासवर्ग पद्धतशीरपणे चालविले. 1983 मध्ये अहमदाबादला उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली, आणि महाराष्ट्रातही 1988 मध्ये उद्योजकता विकास केंद्र आले.

उद्योजकता शिकविता येते, हे एकदा मान्य झाले. परंतु कशीही शिकविली तरी येते, असा त्याचा अर्थ नव्हे. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांत जे काटेकोर अभ्यास झाले, ते या दृष्टीने फार बोलके आहेत. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या लोमे या राजधानीत 1500 लहान व्यावसायिकांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला हिशेब, विक्री इत्यादींचे नेहमीचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला स्वतः पुढाकार कसा घ्यावा, अडचणीआधीच तयारी कशी करावी, हे शिकविले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचा नफा सुमारे शेकडा 30 नी वाढला. पहिल्या गटाची वाढ शेकडा 11 दिसली, आणि तीही केवळ योगायोगाची असू शकेल इतकी अनिश्चित होती. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या दुकानदारांना एकीकडे रीतसर जमाखर्च शिकविला आणि दुसरीकडे अगदी साधे नियम सांगितले: घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा वेगवेगळ्या खणांत ठेवा; एका खणातून दुसऱ्यात नेलात तर चिठ्ठी लिहून ठेवा. 2014 मध्ये आलेल्या या अभ्यासात साध्या नियमांचाच लाभ दिसून आला. रीतसर जमाखर्चाचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही.

तिसरे उदाहरण आपल्याला अधिक अंतर्मुख करणारे आहे. नेदरलँड्समधील एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून वर्षभर एक लहानशी कंपनी चालवून घेण्याचा उपक्रम होता. तो अनेक देशांत नावाजलेला. 2010 मध्ये त्याचा परिणाम तपासून प्रसिद्ध झाला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या उद्योजकीय कौशल्यात काही वाढ झालेली दिसली नाही, आणि पुढे स्वतःचा धंदा काढण्याची त्यांची इच्छा तर कमीच झालेली आढळली. याचा अर्थ उपक्रम फसला असा करावा, की मुलांना वास्तवाचे भान आले असा करावा? दोन्ही अर्थ संभवतात. परंतु कोणी मोजलेच नसते तर तिसराच अर्थ सर्वत्र छापून आला असता: उपक्रम अत्यंत यशस्वी झाला.

हे अभ्यास मोठे, खर्चाचे, विद्यापीठांनी केलेले. तालुक्याच्या गावी शिकविणाऱ्या शिक्षकाला ते शक्य नाहीत, आणि त्याला त्यांची गरजही नाही. लोमेच्या दुकानदारांना जे मानवले ते लातूरच्या किंवा भंडाऱ्याच्या मुलांना मानवेलच असे नाही. ते पाहणे त्या त्या शिक्षकाच्याच हाती आहे. त्याला हवी आहे ती एक वही. व्यापारी आपली रोजकीर्द ठेवतो; त्या दिवशी काय आले आणि काय गेले ते त्याच दिवशी लिहितो. शिक्षकाने आपल्या अध्यापनाची अशी रोजकीर्द ठेवली तर कृतिसंशोधनाचा अर्धा भाग तेथेच झाला.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मात्र त्यातील एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. एका गावी अकरावीच्या वर्गातील मुले-मुली आठवडी बाजारात जोडीजोडीने छोटी विक्री करतात. कोणी चिक्की आणतो, कोणी कापडी पिशव्या शिवून आणते, कोणी रोपे विकतो. संध्याकाळी प्रत्येक जोडी नफा झाल्याचे सांगते. शिक्षिकेला शंका येते. ती वह्या तपासते, तो चिक्कीच्या खर्चात गुळाची आणि शेंगदाण्यांची किंमत आहे, पण गॅसची नाही. पिशव्यांच्या हिशेबात कापड आहे, पण शिवणाऱ्या आईचे चार तास नाहीत. आणि निम्मी गिऱ्हाइके म्हणजे काका आणि मावश्या. तेव्हा ती आपला प्रश्न ठरविते: आपले विद्यार्थी खर्चाचा पूर्ण हिशेब का धरीत नाहीत?

पहिल्या फेरीत ती उत्पादनखर्चावर चार तास घेते. चाचणी परीक्षेत गुण उत्तम पडतात. पुढच्या बाजारी वह्या पुन्हा जशाच्या तशा! नेहमीचा शिक्षक येथे थांबला असता, कारण गुणपत्रिका त्याच्या बाजूची होती. ही शिक्षिका दुसरी फेरी सुरू करते. आता ती प्रत्येक जोडीला दोन डबे देते, एक भांडवलाचा आणि एक विक्रीचा. घरातून जी वस्तू घ्याल तिची चिठ्ठी भांडवलाच्या डब्यात टाका, असे सांगते. शिवाय बाजाराच्या आदल्या दिवशी प्रत्येक जोडीने किती विक्री होईल याचा अंदाज लिहून ठेवायचा आणि नंतर तो प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा. एका सहकाऱ्याला ती विनंती करते की त्याने बाजारात उभे राहून, काही न बोलता, फक्त दिसेल ते टिपून घ्यावे.

समजा, या फेरीत चिठ्ठ्यांमुळे हिशेब सुधारले, परंतु काही जोड्यांची विक्री अंदाजाच्या मानाने फारच कमी भरली. चिंतनाच्या वेळी सहकाऱ्याची टिपणे उघडली गेली, आणि त्यात एक ओळ सापडली: वस्तीवरच्या मुली साडेचारलाच माल आवरतात. चौकशीअंती कळले की त्यांच्या गावची शेवटची एसटी पाचला सुटते, आणि खरा बाजार तर साडेचारनंतर भरतो! म्हणजे ज्याला विक्रीकौशल्याचा अभाव समजले जात होते, तो एसटीच्या वेळापत्रकाचा दोष निघाला. तिसऱ्या फेरीत मग त्या मुलींनी सकाळी बँकेसमोर आणि दवाखान्यासमोर माल मांडून पाहिला. यातून निघालेला निष्कर्ष कोणत्याही शोधपत्रिकेत छापला जाणार नाही. पण त्या वर्गातील मुलींच्या दृष्टीने तो पुष्कळ पाठ्यपुस्तकांहून मोलाचा आहे; आणि गिऱ्हाईक केव्हा व कोठे असते हे शोधणे म्हणजेच उद्योग, हा धडा त्यांना व्याख्यानावाचून मिळाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो गंभीर आहे. शिक्षकच प्रयोग करणार, तोच मोजणार आणि तोच निर्णय देणार. मग यात आत्मवंचना किती? आक्षेप खरा आहे, आणि त्यावरील उपाय तीन आहेत. प्रश्न लहान घ्यावा. 'माझ्या विद्यार्थ्यांत उद्योजकता कशी रुजेल' हा प्रश्न भाषणाला शोभतो. 'माझे विद्यार्थी गॅसचा खर्च का धरीत नाहीत' हा प्रश्न संशोधनाला शोभतो. दुसरा उपाय म्हणजे पुरावा तीन डोळ्यांनी पाहावा: शिक्षकाच्या, विद्यार्थ्याच्या आणि त्रयस्थाच्या. तिसरा उपाय सर्वांत अवघड. काय दिसले तर माझी कल्पना चुकली असे मी मानीन, हे प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवावे. नंतर सुचलेली सबब आणि आधी लिहिलेली कसोटी यांत जो फरक आहे तो प्रामाणिक माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

यात नीतीचाही एक प्रश्न आहे. विद्यार्थी हा प्रयोगाचा उंदीर नव्हे. ज्या घरात शंभर रुपयेही मोजून खर्च होतात, त्या घरच्या मुलाकडून भांडवल आणविणे आणि व्यापाऱ्याच्या मुलाकडून आणविणे यांत सारखेपणा दिसला तरी न्याय नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2019 मध्ये उद्योजकतेच्या मनोवृत्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि 2021 पासून त्याच्या जोडीला वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना प्रत्येकी 2000 रुपये बीजभांडवल शाळेमार्फत देण्यात आले. या उपक्रमाविषयी मते निरनिराळी असतील. परंतु शिकताना होणाऱ्या नुकसानीचा भार मुलाच्या घरावर पडू नये, हे तत्त्व मला मोलाचे वाटते. प्रयोग काय आहे हे मुलांना सांगावे, त्यांच्या वह्या त्यांना विचारून वाचाव्यात, आणि तोट्याची थट्टा वर्गात होऊ देऊ नये.

आता थोडे माझ्या स्वतःच्या जातीविषयी, म्हणजे शासनात काम करणाऱ्यांविषयी. कामानिमित्त शिक्षणाचे आणि प्रशिक्षणाचे बरेच अहवाल माझ्या टेबलावरून जातात. त्यांतील कृतिसंशोधनाच्या अहवालांचे एक वैशिष्ट्य मनात राहते: ते बहुतेक सारे यशस्वी असतात. समस्या, उद्दिष्टे, गृहीतक, कार्यवाही, आणि शेवटी 'विद्यार्थ्यांत लक्षणीय प्रगती दिसून आली'. मुखपृष्ठ देखणे, छायाचित्रे स्वच्छ. शिक्षक खोटे लिहितात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मागणी तसा पुरवठा, हा बाजाराचा नियम कार्यालयातही चालतो. आम्ही अहवाल मागतो, त्यावर गुण देतो, बढतीच्या वेळी ते मोजतो, आणि 'प्रयत्न केला, पण जमले नाही. कारण असे' असे लिहिणाऱ्याला खुलासा विचारतो. अशा हवेत शोध घेणारा शिक्षक गप्प बसायला शिकतो, आणि ज्याला फक्त बांधीव अहवाल करता येतो तो पुढे जातो. प्रशिक्षणवर्गांचेही तेच. किती जणांना प्रशिक्षण दिले हा आकडा प्रत्येक तक्त्यात असतो. दोन वर्षांनी त्यांतील किती जणांचे दुकान उघडे आहे, आणि बंद पडलेल्यांचे का पडले, हा रकाना शोधावा लागतो.

यावर उपाय महागडे नाहीत. महाराष्ट्रात प्राथमिक शाळांच्या शिक्षकांची केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. तेथे वरून आलेल्या सूचना वाचण्यात जो वेळ जातो त्यातील एक तास वाचवून, प्रत्येक वेळी एका शिक्षकाने आपली रोजकीर्द उघडून दाखवावी आणि इतरांनी तीत प्रश्न विचारावेत. अहवालाच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: या प्रयोगामुळे आपण कोणती जुनी पद्धत सोडून दिली? जो काहीच सोडत नाही तो काही शिकलाही नसण्याचा संभव आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या व व्यावसायिकांच्या सहवासात घालविण्याची कल्पना आहे. सुताराच्या, कुंभाराच्या, सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मुले जाऊन आली, की त्यांनी काय पाहिले याचा निबंध आपण लिहून घेऊच. त्याबरोबर शिक्षकानेही लिहावे: मुलांनी तेथे कोणते प्रश्न विचारले, कोणते विचारले नाहीत, आणि पुढच्या खेपेला मी काय बदलीन.

आणि अधिकाऱ्याने काय करावे? वर्गतपासणीला गेल्यावर 'अभ्यासक्रम किती झाला' या प्रश्नाच्या आधी 'या महिन्यात तुम्हाला काय कोडे पडले' असे विचारावे. हा एक प्रश्न जर सातत्याने विचारला गेला, तर शिक्षकाला कळेल की कोडे पडणे हा गुन्हा नाही. कोसबाडला मुले येत नव्हती, हे कोडेच होते. ते झाकले असते तर आपल्याला अंगणवाडी हा शब्दच मिळाला नसता.

ज्या समाजाला उद्योजक हवे आहेत, त्या समाजाला तोट्याचा हिशेब उघडपणे मांडण्याची सवय असावी लागते. वर्षअखेर व्यापारी ताळेबंद मांडतो, तेव्हा बुडीत येणे तो बुडीत म्हणूनच दाखवितो. ते येणे म्हणून वर्षानुवर्षे ओढत नेणाऱ्याची पेढी एक दिवस बसते. मुलांना आपण हे शिकविणार आणि स्वतःच्या अध्यापनाच्या ताळेबंदात मात्र सारे येणे वसूल झाले असे दाखविणार, तर मुले त्यातले काय उचलतील हे सांगायला नको. त्यांना तोंडी धडा एक मिळेल आणि डोळ्यांनी दुसराच दिसेल, आणि मुलांचा विश्वास डोळ्यांवर अधिक असतो. म्हणून सुरुवात शिक्षकाच्या वहीपासून व्हावी. ती फार सुबक नसली तरी चालेल. तिच्यात खाडाखोड असावी, एखादे पान 'आजचा तास फुकट गेला' एवढ्यावरच संपलेले असावे, आणि पुढच्या पानावर त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न असावा. अशी वही वाचून दाखविणाऱ्या शिक्षकापुढे बसलेला विद्यार्थी पुढे उद्योजक होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु धंद्यात उतरण्याचा प्रसंग आला, तर खरा हिशेब कसा मांडतात ते त्याने एकदा तरी पाहिलेले असेल.